अंगठा उमटत नाही, मग शरीराचा कुठला ठसा कुठे चालतो?

“भाऊ, मशीन अंगठा घेऊनच नाही राहिली.” नागपुरात रेशन दुकान असो, बँकमित्राचं टेबल असो की एमआयडीसीतल्या कारखान्याचं गेट, हे वाक्य रोज कुणी ना कुणी बोलतं. बोलणारेही बहुतेक ठरलेले: कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारे, कामठीकडे विड्या वळणाऱ्या बाया, वीटभट्टीवरचे, सिमेंट-रेती कालवणारे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, कपाशी वेचणाऱ्या आणि सत्तरी ओलांडलेले जवळपास सगळेच. त्यात आमचा उन्हाळा. पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठाक आणि बोटांची कातडी ओढलेली.

मग कुणीतरी अर्ध्या चेष्टेत विचारतं, “पायाचा अंगठा लावू का?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही ठिकाणी पायाचा अंगठा खरंच चालतो आणि त्याला लेखी आधार आहे. काही ठिकाणी डोळा चालतो, काही ठिकाणी चेहरा, आणि स्वतःच्या फोनवर तर नाकाचा शेंडाही कधीकधी चालून जातो. कुठे काय चालेल हे दोन गोष्टींवर ठरतं. समोरच्याकडे तुमच्या त्या अवयवाची आधीची नोंद आहे का? आणि नोंद नसेल तर “हा ठसा यांचाच, माझ्यासमोर दिला” असं सांगणारा विश्वासाचा माणूस आहे का? दोन्ही नसतील तर ठसा कितीही स्वच्छ उमटो, तो नुसता डाग.

कुठल्या कातडीवर ठसा असतो

बोटांची टोकं, तळहात, तळपाय आणि पायाची बोटं एवढ्याच ठिकाणच्या त्वचेवर त्या बारीक रेषा असतात, शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या. आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या आसपास त्या पक्क्या होतात आणि पुढे जन्मभर नक्षी तीच राहते. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. कोपर, गुडघा, बोटांच्या पेरांची वरची बाजू, नाक इथे सुरकुत्या किंवा छिद्रं असतात, या रेषा नसतात. कान आणि ओठ यांची कथा निराळी, ती पुढे येईल.

आपल्याकडे ठशाची सुरुवात बोटाने झालेलीच नाही. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सही म्हणून सगळ्या पंजाचा छाप घेतला. पुढे बोटं पुरेशी आहेत असं लक्षात आलं, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उभं राहिलं. त्यामागची वर्गीकरणाची खरी डोकेफोड अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची, नाव मात्र झालं साहेब एडवर्ड हेन्री यांचं. तेव्हा पंजाचा किंवा पायाचा ठसा म्हणजे काही विचित्र खूळ नव्हे. दीडशे वर्षांत यंत्रणा बोटाभोवती उभ्या राहिल्या, म्हणून बाकीचे अवयव आता बाजूला पडलेले दिसतात.

आधी बोटंच वाचवून पाहा

दुसरा अवयव शोधण्याआधी बोटांना एक संधी द्या, कारण नोंद बोटांचीच सगळ्यात जास्त ठिकाणी आहे. घासून गेलेला ठसा कायमचा गेलेला नसतो. रेषांची मुळं त्वचेच्या आतल्या थरात असतात. वरचा थर साधारण महिनाभरात नवा येतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून हळू. म्हणून निवृत्तिवेतन चालू राहावं यासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असेल तर तयारी दसऱ्यापासून करावी.

रोज रात्री हात कोमट पाण्याने धुवा, पुसा आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळून झोपा. जमल्यास जुने सुती मोजे हातात घालून. भांडी घासताना रबरी हातमोजे वापरा. सिमेंटचं काम करणाऱ्यांना हे सांगून उपयोग कमी असतो, ते मलाही कळतं. पण ओलं सिमेंट क्षारयुक्त असतं, ते कातडी नुसती घासत नाही, जाळतं. निदान दर काही तासांनी हात साध्या पाण्याने धुतले तरी फरक पडतो.

ज्या दिवशी ठसा द्यायचा त्या दिवशी मात्र तेल नको. तेलाने काच माखते आणि रेषांमधल्या फटी भरून जातात. हात साबणाने धुऊन नीट कोरडे करा. बोट फारच कोरडं असेल तर मशीनवर ठेवण्याआधी ओल्या फडक्याला टेकवून लगेच पुसा. फुंकर मारून किंवा तळहातावर घासून बोट जरा गरम केलं तरी चालतं. आणि काच पुसा! निम्म्या वेळा दोष बोटात नसतो, आधीच्या पन्नास जणांच्या घामात असतो.

बोट किती दाबायचं यात बहुतेकांचं चुकतं. जोर लावला की रेषा चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात, हलकं टेकवलं तर अर्धाच ठसा येतो. बोट सपाट ठेवायचं, टोकावर उभं करायचं नाही. नखाच्या मुळाखालचा फुगीर भाग काचेच्या मधोमध आला पाहिजे.

आता महत्त्वाचं. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते, पण लोक उजवा अंगठा लावतात, तो नाही लागला तर डावा लावतात आणि हात झटकून घरी जातात. कामाच्या माणसाचा अंगठा आणि तर्जनी सगळ्यात आधी झिजतात. ज्या हाताने काम कमी होतं त्या हाताची अनामिका आणि करंगळी बऱ्याचदा शाबूत असतात. दुकानदाराला शांतपणे सांगा, “भाऊ, सगळी बोटं लावून बघू.” कुठलं बोट लागलं ते घरी कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात रांगेत वेळ वाचेल.

कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कॅपेसिटाबीन या गोळ्यांनी काहींच्या तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलते आणि ठसे पुसट होतात. २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशी घटना छापून आली होती: सिंगापूरहून अमेरिकेला गेलेल्या अशाच एका रुग्णाला ठसे न उमटल्यामुळे विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं. आपल्याकडे तुकडोजी चौकातल्या किंवा जामठ्याच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घेऊन ठेवावं: कोणतं औषध सुरू आहे आणि त्याने बोटांच्या ठशांवर परिणाम होतो. ठशासाठी औषध मात्र थांबवू नका. औषध संपल्यावर बहुतेकांच्या रेषा परत येतात.

अगदी क्वचित असेही लोक असतात ज्यांना जन्मतःच ठसे नसतात. २०११ मध्ये त्यामागचा जनुकीय दोष सापडला. नागपुरात असं कुणी भेटेल याची शक्यता फार कमी, पण “बोटं आहेत, तर ठसे असलेच पाहिजेत” असा हट्ट काउंटरवरच्या माणसाने धरू नये एवढ्यासाठी सांगतो.

आधार: डोळा आणि चेहरा, पायाचा अंगठा नाही

आधारकडे तुमच्या तीनच गोष्टींची नोंद असते: दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो. तळहात, पाय, कान यांची नोंदच नाही. म्हणून आधारच्या मशीनवर पायाचा अंगठा लावण्यात अर्थ नाही. काचेवर छान उमटेल, पण जुळणार कशाशी?

बोटं गेली तर पुढचा पर्याय डोळा. बुबुळाची नक्षी कष्टाने झिजत नाही, उन्हाने तडकत नाही. विदर्भातल्या कामकऱ्यांसाठी मला तरी हाच सगळ्यात न्याय्य ठसा वाटतो. देताना चष्मा काढा. स्कॅनर दुर्बिणीसारखा असेल तर डोळे त्याला पूर्ण टेकवा, म्हणजे बाहेरचा उजेड आत शिरणार नाही. पापण्या लोंबत असतील तर घरच्या माणसाने हलकेच वर धराव्यात. डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध टाकलं असेल त्या दिवशी जाऊ नका. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा नीट बरा होऊ द्या. बहुतेकांचं बुबुळ नंतर जुळतं, नाही जुळलं तर नव्याने नोंदवता येतं.

तिसरा पर्याय चेहरा, आणि अलीकडे सगळ्यात सोयीचा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी चेहऱ्यावरून हयातीचा दाखला २०२१ पासून देता येतो. रेल्वे, आयुधनिर्माणी, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स), महालेखाकार कार्यालय इथून निवृत्त झालेले लोक नागपुरात घरोघरी आहेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेसआरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अॅप प्ले स्टोअरमधूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून नाही. फोन मुलाचा किंवा सुनेचा असला तरी चालतो. अॅप आधी फोन चालवणाऱ्याचं आधार आणि चेहरा तपासतं, मग निवृत्तिवेतनधारकाचा. हाताशी आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन आदेशाचा) क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाइल ठेवा. आता बसायचं कसं? खिडकी समोर हवी, पाठीशी नको. दुपारी अंगणात उभं राहू नका, आपल्याकडच्या उन्हात डोळे मिचकावले जातात आणि अर्ध्या चेहऱ्यावर सावली पडते. टोपी, दुपट्टा, गॉगल काढा. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि सांगितलं की पापण्या मिटून उघडा. बाबांना “हलू नका” असं ओरडून सांगितलं की ते श्वासच रोखून धरतात, चेहरा ताठ होतो. गप्पा मारत मारत करा.

केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टपाल पेमेंट बँकेमार्फत पोस्टमन घरी येतो, शुल्क ७० रुपये.

चेहरा जुळत नसेल तर आधारवरचा फोटो पाहा. तेव्हा दाट मिशा आणि भरलेले गाल, आता मिशा नाहीत आणि दातही नाहीत. मशीनने तरी काय करावं! अशा वेळी बायोमेट्रिक नोंद नव्याने करून घेणं हाच उपाय. नागपुरात आधार सेवा केंद्र आहे, शिवाय काही टपाल कार्यालयांत आणि बँक शाखांत केंद्रं आहेत. आधारच्या संकेतस्थळावरून वेळ घेऊन गेलात तर रांग टळते. मोठ्यांसाठी शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून १२५ रुपये आहे, पावती घ्या. बोटं सगळ्यात चांगल्या स्थितीत असतील तेव्हाच जा: भट्टी बंद असते त्या पावसाळ्यात, किंवा कापूस वेचणी सुरू होण्याआधी. मे महिन्यात जाऊन नोंद केली तर तीच तडकलेली बोटं पुढची कितीतरी वर्षं तुमची ओळख होऊन बसतील.

अपघातात किंवा कुष्ठरोगात बोटं गमावलेल्यांनाही आधार मिळतो. बोटं नसतील तर फक्त बुबुळांवर नोंद होते, बुबुळं नसतील तर फक्त बोटांवर, आणि दोन्ही नसतील तर अपवाद म्हणून फोटोसह नोंद करायची तरतूद आहे. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने हे पुन्हा स्पष्ट केलं. केंद्रावर कुणी “बोटं नाहीत तर आधार नाही” म्हणालं तर ‘बायोमेट्रिक अपवाद’ हेच शब्द वापरा आणि तरीही ऐकलं नाही तर आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर फोन करा.

रेशन दुकानात काय म्हणायचं

क्रम असा ठेवा: दहाही बोटं, मग दुकानात असेल तर डोळ्याचं मशीन, मग मोबाइलवर येणारा ओटीपी. घरातल्या कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही ठसा चालतो हे बरेच जण विसरतात. आजीच गेली पाहिजे असं नाही, नातू कार्डावर असेल तर तो जाऊ शकतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी आपल्या वतीने धान्य आणणारा माणूस पुरवठा कार्यालयात लिहून द्यावा.

यातलं काहीच जमलं नाही तरी धान्य नाकारता येत नाही. २४ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या सूचनेत ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला परत पाठवू नये आणि अशा व्यवहाराची वेगळी नोंद ठेवावी असं स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या आधार निकालात हाच मुद्दा उचलून धरला. दुकानदाराशी भांडू नका, तोही मशीनपुढे हतबल असतो. “माझं नाव अपवादाच्या वहीत घ्या” एवढं म्हणा. तरीही नाही म्हणाला तर रेशनच्या १९६७ या मदत क्रमांकावर तक्रार, आणि शहरात अन्नधान्य वितरण अधिकारी, ग्रामीण भागात तहसीलचा पुरवठा विभाग.

बँक: इथे पायाचा अंगठा खरंच चालतो

हा भाग फार थोड्या लोकांना माहीत असतो, काउंटरवरच्या कित्येकांनाही नाही. आजारी, वृद्ध किंवा अपंग खातेदारांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांत हाताच्या अंगठ्याबरोबर पायाच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट लिहिलेला आहे. अट एकच: दोन स्वतंत्र साक्षीदार, बँकेच्या ओळखीचे, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पायाचा ठसाही देता येत नसेल तर नुसती खूण चालते, त्याच साक्षीदारांसमोर.

दोन्ही हात गमावलेल्या माणसाचं काय? १९५० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेऊन रिझर्व्ह बँकेच्या त्याच सूचनांत म्हटलंय की सही करणाऱ्याचा आणि खुणेचा प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे, मग खूण कशीही करा. पायाच्या अंगठ्याने करा, किंवा त्याच्या अंगाला स्पर्श झालेल्या वस्तूने दुसऱ्या कुणी करा. इथे मशीनकडे जुळणी नाही, नोंद नाही. ठशाला वजन येतं ते साक्षीदारांमुळे. म्हणून या कामात शाईपेक्षा साक्षीदार आधी जमवा.

पायाचा ठसा नीट घ्यायची पद्धत अशी. पाय साबणाने धुऊन टाचेपासून बोटांपर्यंत कोरडा करा. बोटांच्या बेचक्यातही पाणी राहू देऊ नका. खातेदार खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसलेला असावा. उभ्याने पायावर सगळा भार येतो आणि ठसा फाकतो. काळ्या शाईचं स्टॅम्पपॅड अंगठ्याला लावा, अंगठा पॅडमध्ये रुतवू नका. शाई जास्त झाली की रेषा बुडतात. आधी एक छाप रद्दी कागदावर घेऊन जादा शाई काढा. आता कागद खाली जमिनीवर ठेवू नका, कागदाखाली पाटी किंवा जाड पुठ्ठा धरून कागदच अंगठ्याजवळ आणा. एकदाच सपाट दाबा आणि सरळ उचला. फिरवू नका, दुसऱ्यांदा टेकवू नका. बिघडला तर नवा फॉर्म घ्या, एकाच चौकटीत दोन ठसे म्हणजे पुढे वादाला आमंत्रण.

ठशाशेजारी लगेच लिहा: “श्रीमती अमुक यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची निशाणी”, तारीख, ठिकाण. खाली साक्षीदारांची नावं आणि सह्या. पैसे दुसरं कुणी काढून नेणार असेल तर त्याचं नाव खातेदाराने आधीच सांगावं आणि त्याची सहीही बँकेत द्यावी. आणि हो, पुढच्या वेळी तोच पाय. एकदा डावा, एकदा उजवा असं केलं तर जुनी कागदपत्रं ताडून पाहणारा गोंधळतो.

सत्तरीच्या पुढचे आणि अपंग खातेदार यांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात असंही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलंय. रुग्णाला स्ट्रेचरवरून शाखेत आणायला लावणं अजूनही घडतं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात “रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांनुसार” हे शब्द घाला. तोंडी विनंतीला जे उत्तर मिळतं, त्याहून बरं उत्तर लेखी अर्जाला मिळतं.

फोन: इथे मालक तुम्हीच

फोनचं गणित उलटं आहे. नोंद तुम्हीच करता, जुळणीही तुमच्याच फोनमध्ये होते. त्यामुळे काय नोंदवायचं ते तुमच्या मर्जीवर. २०१३ मध्ये आयफोन ५एस आला तेव्हा लोकांनी पायाची बोटंच काय, मांजराचा पंजाही नोंदवून दाखवला होता. सेन्सरला फक्त जिवंत कातडीवरचे उंचसखल भाग हवे असतात, ते कुणाचे हे त्याला कळत नाही.

हाताची बोटं झिजली असतील तर हा क्रम पाहा. आधी कमी वापरातल्या हाताची करंगळी किंवा अनामिका. मग बोटाची कड, टोकाऐवजी बाजूचा भाग, कारण तिथे झीज कमी असते. एकच बोट दोन वेळा, दोन वेगळ्या नावांनी नोंदवलं तर जुळण्याची शक्यता वाढते. ठशाचं बटण असलेल्या आयफोनवर पाच ठशांची सोय असते. बाजूच्या बटणावरच्या सेन्सरला पायाचा अंगठा फार मोठा पडतो, तिथे त्याची कड किंवा शेजारचं बोट वापरा. पडद्याखालच्या सेन्सरवर अंगठा ठीक बसतो. हात नसलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला पायाने फोन उघडता येणं ही चैन नव्हे, स्वातंत्र्य आहे.

नाक, कोपर, पेराची पाठ यांचं काय? नोंद कधीकधी होते, पण मी भरवसा ठेवणार नाही. गाई-बैलांच्या नाकाच्या ओल्या भागावर प्रत्येकाची वेगळी नक्षी असते, त्यावर १९२१ पासून अभ्यास आहे आणि जनावराची ओळख त्यावरून पटवता येते. माणसाच्या नाकाला तो मान नाही. तिथे सेन्सरला धरायला नेमक्या खुणाच कमी मिळतात, त्यामुळे कधी तुमचं नाक नाकारलं जाईल, कधी भलत्याचंच चालेल. संशोधनाची गोष्ट वेगळी. पेराच्या पाठीवरच्या सुरकुत्या आणि कानाचा आकार यांवर चांगलं काम झालंय, आयआयटी दिल्लीत कानांच्या छायाचित्रांचा संग्रहही तयार झाला आहे. पण ते काम कॅमेऱ्याचं, फोनच्या बटणाचं नाही.

एक गोष्ट कडक शब्दांत. आजीचा ठसा लागत नाही म्हणून नातवाने स्वतःचं बोट तिच्या फोनवर नोंदवायचं, हे घरोघरी चालतं. ज्याचं बोट फोनमध्ये, त्याची बँकही. पैशांची अॅपही आता फोनवरचा ठसा स्वीकारतात. नातू साधा असेल, पण फोन कुणाच्याही हाती जाऊ शकतो. आजीला लक्षात राहील असा पिन ठेवा, ते बरं.

पोलिस ठाणं आणि कोर्ट

इथे तुमची निवड नसते, पण नियम माहीत असावा. १९२० च्या जुन्या कायद्यात बोटं आणि पाऊल यांचे ठसे घेण्याची तरतूद होती. २०२२ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कायद्यात तळहात, बुबुळ आणि डोळ्याचा पडदाही आला आणि नोंदी ७५ वर्षं ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘अॅम्बिस’ यंत्रणेत बोटांबरोबर तळहात, चेहरा आणि बुबुळं ताडली जातात.

कानाच्या ठशाबद्दल मात्र कुणी फार खात्रीने बोललं तर सावध राहा. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये खिडकीच्या काचेवरच्या कानाच्या ठशावरून एका माणसाला खुनासाठी दोषी धरलं गेलं. पुढे डीएनए तपासणीने तो ठसा त्याचा नसल्याचं दाखवलं आणि २००४ मध्ये तो सुटला. ओठांच्या रेषांचं वर्गीकरण १९७० च्या सुमारास जपानी संशोधकांनी केलं. पण तुमच्या ओठांची नोंद ना आधारकडे आहे ना बँकेकडे, त्यामुळे ओळख पटवायला त्यांचा उपयोग नाही.

ठसा देताना खिसा सांभाळा

ठसा बदलता येत नाही, म्हणून तो जपून द्यायचा. जुन्या दस्तांवरचे अंगठे उतरवून रबराचे नकली ठसे बनवले आणि आधारच्या ठशावर पैसे काढून लोकांची खाती रिकामी केली, असे गुन्हे देशात अनेक ठिकाणी उघड झाले आहेत. २०२३ मध्ये आधारने नकली बोट ओळखणारी वाढीव तपासणी आणली, तरी आपली खबरदारी आपणच घ्यायची.

“नीट नाही लागला काकू, परत लावा” असं कुणी म्हणालं की आधी पडद्यावर काय लिहून आलंय ते वाचायला सांगा, वाचता येत नसेल तर बरोबर आलेल्याला दाखवा. पहिला व्यवहार झालेला असतो आणि दुसऱ्या ठशाने पुन्हा पैसे निघतात. व्यवहार फसला तरी त्याची पावती मागा. कोऱ्या कागदावर हाताचा काय, पायाचाही अंगठा देऊ नका.

आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार अॅपमध्ये बायोमेट्रिक कुलूप लावायची सोय आहे. कुलूप असेपर्यंत बोट, डोळा, चेहरा काहीच चालत नाही, ओटीपी चालतो. रेशन किंवा दाखल्याच्या दिवशी ते तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांत ते आपोआप परत बंद होतं. दुकानातली रांग लांब असेल तर आपला नंबर येईपर्यंत थांबा आणि मगच उघडा. खात्यातून न काढलेले पैसे गेल्याचा मेसेज आला तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.